बाराजणींची निजानीज

बाटली आणि आडवं होणं यांचा संबंध आमच्या पिढीला चांगला ठाऊक आहे. फक्त त्यात आडवा होतो तो माणूस, आणि बाटली शेवटपर्यंत उभी असते. पगाराच्या संध्याकाळी पिंपरी-भोसरीच्या कुठल्याही गुत्त्याबाहेर हा सिद्धांत चारचौघांसमक्ष सिद्ध करून दाखवला जात असे. त्यामुळे "बाबा, ही बाटली आडवीच ठेवावी लागते," असं जावईबापू म्हणाले तेव्हा सृष्टीच्या नियमांत मी निवृत्त झाल्यानंतर काहीतरी फेरफार झाले असावेत, असं मला वाटलं.

जावई चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात आहेत. कारखाना जर्मन, मोटारी जर्मन, शिस्त जर्मन. चाकणचा म्हणून उरलाय तो कांदा आणि तळेगाव चौकातली वाहनांची कोंडी. कंपनीने त्यांना दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. त्यांच्याबरोबर आमची लेक जाणार हे ओघानं आलंच. मोशीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरला. सोफा विकला, कपाट नणंदेकडे गेलं, कुंड्या आमच्याकडे आल्या, आणि शेवटी उरल्या बारा वाईनच्या बाटल्या. कुठल्या समारंभात मिळालेल्या, कुठे सहलीला गेल्यावर घेतलेल्या. भाडेकरूच्या भरवशावर कुंडी ठेवता येते, बाटली ठेवता येत नाही.

"तुम्ही टूलरूममधले, बाबा," जावई म्हणाले. "एखादा रॅक डिझाइन करा की. आल्यावर आपण मिळून एक एक उघडू."

आता, मी छत्तीस वर्षं जिग आणि फिक्श्चर केली. फिक्श्चर म्हणजे काय, असं लेकीने लहानपणी विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं, की जी वस्तू हलू नये असं आपल्याला वाटतं तिला धरून ठेवणारी वस्तू. निवृत्तीनंतर माझ्या या ज्ञानाची घरात मागणी होती ती मिक्सरचं घट्ट बसलेलं भांडं सोडवण्यापुरती. आणि आता कोणीतरी चक्क 'डिझाइन' हा शब्द उच्चारला होता! मी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला. आमची सौ. म्हणाली, "बारा बाटल्यांसाठी?" मी म्हणालो, "नगाच्या संख्येवरून डिझाइनची किंमत ठरत नाही." हे वाक्य मी नोकरीत साहेबांना ऐकवायचं म्हणून राखून ठेवलं होतं.

प्रथम, बाटली आडवी का? कारण बूच. वाईनच्या बाटलीचं खरं बूच ओक जातीच्या एका झाडाच्या सालीचं असतं. जगातलं निम्मं बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. तिथे एकदा साल काढली की पुन्हा निदान नऊ वर्षं त्या झाडाला हात लावत नाहीत. बाटली उभी ठेवली की हे बूच हळूहळू सुकतं, आकसतं, फटीतून हवा आत जाते आणि वाईनचा शिरका होतो. आडवी ठेवली की वाईन बुचाला आतून टेकून राहते, बूच ओलं राहतं, फुगून घट्ट बसतं. एवढंच शास्त्र. शिवाय उजेड नको, हादरे नकोत आणि थंडावा हवा. बारा-चौदा अंश उत्तम. पण थोडं जास्त असलं तरी चालेल, रोज वर-खाली होता कामा नये.

गंमत म्हणजे आमच्या भागाला टिकवणं आणि आंबवणं या दोन्ही विद्या येतात. चाकणच्या शेतकऱ्याची कांदाचाळ पाहा. जमिनीपासून उचललेली, चहूबाजूंनी फटी, वारा आरपार. कारण कांद्याला ओल लागली की संपला. म्हणजे बुचाला जे हवं, तेच कांद्याला नको. आणि पिंपरीच्या औद्योगिक भरभराटीची सुरुवातच आंबवण्याने झाली. १९५४ साली इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली ती मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून पेनिसिलिन काढायला. तेव्हा टाक्यांत काहीतरी आंबवणं आमच्याकडे अब्रूदार मानलं जातं. बाटलीत भरून जिन्याखाली ठेवलं की मात्र शेजारी चौकशी करतात.

मी बारा बाटल्या डायनिंग टेबलावर उभ्या केल्या, व्हर्नियर घेतला आणि एकेकीचा व्यास मोजला. सर्वांत सडपातळ ७४ मिलिमीटर, सर्वांत लठ्ठ ८८. ज्या टूलरूममध्ये शतांश मिलिमीटरवरून माणसं आठवडा आठवडा एकमेकांशी बोलत नसत, तिथून आलेल्या माणसाला हा धक्काच होता. शिवाय कोणाचे खांदे रुंद, कोणी खांद्यावरून घसरत मानेपर्यंत आलेली, एक तर नुसतीच उंच. लग्नाच्या हॉलमधल्या वऱ्हाडासारखा प्रकार.

जावयांनी मला बाजारातल्या रॅकची चित्रं दाखवली होती. बहुतेकांत बाटलीला मानगुटीला धरलेलं होतं: एका फळीला भोक, त्यात मान, आणि बूड दुसऱ्या कमानीत. एकाच मापाच्या बाटल्या असल्या तर हे ठीक. पण मान ठरलेल्या उंचीवर आणि बूड जाडीप्रमाणे वर-खाली, म्हणजे लठ्ठ बाटलीचं डोकं खाली जाणार आणि बारकीचं वर. डोकं वर गेलं की आतला बुडबुडा सरकून बुचापाशी येतो आणि आडवं ठेवण्याचं सगळं पुण्य फुकट जातं. टूलरूममध्ये गोल वस्तू आडवी धरायला एकच उपाय असतो, वी-ब्लॉक. नव्वद अंशांची खाच. तिच्यात कुठल्याही जाडीची गोल वस्तू ठेवा, ती दोन ठिकाणी टेकते आणि गप्प बसते. व्यासात १४ मिलिमीटरचा फरक असेल तर मध्य १० मिलिमीटरने वर-खाली होतो. म्हणून मी काय केलं, तर मानेचा नाद सोडून दिला. दोन्ही खाचा पोटाखालीच, एकमेकींपासून ९० मिलिमीटरवर. मग बाटली जाडी असो की बारीक, दोन्हीकडून सारखीच उचलली जाते, आणि सपाटच राहते. मान मोकळी. वजनाचा मध्य दोन खाचांच्या मधोमध येत असल्याने ती पुढे कलंडतही नाही.

आणि सपाट आहे की नाही हे पाहायला वेगळं साधन लागत नाही. आडव्या बाटलीत वर बुडबुडा असतोच. तो मधे राहिला की लेव्हल बरोबर. गवंड्याच्या पेटीतल्या त्या साधनाला आपण 'स्पिरिट लेव्हल' का म्हणतो, ते मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी पूर्णपणे पटलं.

मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. बारापैकी सात बाटल्यांना बूच नव्हतंच! पत्र्याचं फिरकीचं झाकण होतं. आपल्याकडच्या अनेक वाईन हल्ली अशाच येतात, उघडायला सोप्या, आणि उभ्या ठेवल्या तरी त्यांना काही होत नाही. म्हणजे शास्त्राप्रमाणे पाच आडव्या, सात उभ्या. मी तसं सौ.ला सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, पंगत बसवायची तर सगळ्यांना पाट मांडा. पाच जणांना पाट आणि सात जणांना दाराशी उभं, हे कुठलं डिझाइन?" बाराही आडव्या, असं ठरलं. ड्रॉइंगवर मी कारण लिहिलं : 'एकरूपतेसाठी'.

त्यात एक फसफसणारी होती, सर्वांत लठ्ठ ती. तिच्या आत मोटारीच्या चाकात असते त्याच्या दुप्पट-तिप्पट हवा कोंडलेली असते, म्हणून काच जाड आणि बुचाला तारेचं मुसकं. ही वाईन करताना बाटली आधी आडवी ठेवून मग रोज थोडी थोडी फिरवत उलटी करत नेतात, म्हणजे आतला गाळ बुचापाशी जमतो. फ्रान्समध्ये १८१६ च्या सुमारास मादाम क्लिको नावाच्या विधवा बाईंनी यासाठी स्वयंपाकघरातल्या टेबलालाच भोकं पाडली, असं सांगतात. पुढे दोन फळ्या तंबूसारख्या उभ्या करून तिरकी भोकं पाडलेला घोडाच निघाला. ही फ्रेंच रीत आमच्या चाकणच्या पुढे, पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला १९८० च्या दशकात आली. श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने तिथे फसफसणारी वाईन काढली, आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात गेली. माधव जूलियनांनी ज्याच्या रुबाया मराठीत आणल्या तोच हा खय्याम. आमच्या पिढीचं खय्यामशी नातं एवढ्या अनुवादापुरतंच. आम्ही तेव्हा जिग करत होतो, आणि तासाभराच्या अंतरावर बाटल्या उलट्या टांगण्याचं इतकं सुरेख फिक्श्चर चालू आहे, याचा आम्हांला पत्ता नव्हता.

इथवर सगळं कागदावर. खरा प्रश्न घरात होता, आणि तो ताकाची वाटी घेऊन झोपाळ्यावर बसला होता.

माझी आई चौऱ्याऐंशीची आहे. गळ्यात तुळशीची माळ. देहू-पंढरपूर बावीस वेळा पायी केलेली. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घराच्या एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. (ते प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं आणि २०२१ साली विसर्जित झालं, पण पत्त्यातून ते काढायला पोस्टमन तयार नाही.) अशा घरात बारा बाटल्या यायच्या होत्या.

"द्राक्षाचा रस म्हणून सांगा," सौ.ने सुचवलं. "त्या द्राक्षासव घेतातच की रोज दोन चमचे. त्याच्या बाटलीवर छापलेलं असतं आत अल्कोहोल आहे म्हणून."

पण ते शक्य नव्हतं. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. तेव्हा वाईन म्हणजे दारू की नव्हे, यावर टीव्हीवर जो काही गदारोळ चालला होता, तो आईने हरिपाठानंतर रोज न चुकता ऐकला होता. निर्णय कागदावरच राहिला, आईचं ज्ञान मात्र पक्कं झालं. मी सरळ जाऊन सांगितलं.

आई बराच वेळ झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज ऐकत राहिली. मग म्हणाली, "कुणाच्या आहेत?"

"तुझ्या नातीच्या."

"ती कधी यायची?"

"दोन वर्षांनी."

"तोवर टिकतील?"

"आडव्या ठेवल्या तर टिकतील."

"आणि मी?"

टूलरूममध्ये ज्याला उत्तर नाही असा प्रश्न आला की आम्ही ड्रॉइंगकडे पाहत असू. मी ड्रॉइंगकडे पाहिलं. मग म्हणालो, "तू उभीच बरी आहेस." आई हसली. सौ. मात्र हसायचं सोडून स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर आईने अटी घातल्या. जागा म्हणून मी जिन्याखालचा कोनाडा निवडला होता. त्याखाली पाण्याची टाकी असल्यामुळे मे महिन्यात बाहेर चाळीसला टेकतं तेव्हाही तिथे फरशीला पाय गार लागतात. तिथे तापमापक ठेवून मी आठ दिवस नोंदी घेतल्या : दिवसरात्रीत दोन अंशांच्या वर फरक नाही. उत्तम. पण कोनाड्याच्या मागच्या भिंतीपलीकडे देवघर! रॅकमध्ये बाटल्या ठेवतात त्या माना बाहेर आणि बूड भिंतीकडे.

"म्हणजे देवाकडे पाय?" आई म्हणाली.

"आई, बाटलीला पाय नसतात."

"मान असते म्हणतोस, खांदे असतात म्हणतोस, पोट मोजलंस. मग पाय का नाहीत?"

या युक्तिवादाला कुठलंही इंजिनिअरिंग कॉलेज उत्तर देऊ शकणार नाही. उलट्या घालाव्यात तर माना भिंतीकडे जाणार आणि बूच पाझरतंय का ते दिसणार नाही. शेवटी 'रिव्हिजन बी' काढली, अख्खा रॅक काटकोनात फिरवला. बाटल्या भिंतीला समांतर. पण मग डोकं कुठे? उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत, हे लहान मुलालाही माहीत असतं. आमच्या त्या भिंतीने सुदैवाने पूर्व-पश्चिम पत्करली होती. डोकं पूर्वेला, पाय पश्चिमेला. मी ड्रॉइंगवर बाण काढून 'पूर्व' असं लिहिलं. छत्तीस वर्षांत फिक्श्चरच्या ड्रॉइंगवर दिशा लिहायची ही पहिलीच वेळ.

दुसरी अट : एकादशीला त्या दिसता कामा नयेत. त्यासाठी तिने आपलं जुनं काळसर लुगडं दिलं, पडदा म्हणून. एकादशीला ओढायचा म्हणजे महिन्यातून दोनदा. मी म्हटलं, रोजच ओढू, उजेड बाधतो त्यांना. आईला हे आवडलं. शास्त्र आणि धर्म एका लुगड्यावर एकमत झाले.

राहता राहिला कायदा. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. बाटली जवळ बाळगायची तर परवाना लागतो, आणि तो मिळतो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. जावयांचा होता, पण ते चालले परदेशी. मी काढला. सौ.ने तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "इतकी वर्षं मग प्रकृती कशावर राखलीत?"

ड्रॉइंग घेऊन मी भोसरीला गेलो. तिथे एका शेडचा मालक कधीकाळी आयटीआयमधून माझ्याच हाताखाली अप्रेंटिस म्हणून आला होता. आता त्याच्याकडे दोन प्रेस, एक शिअरिंग मशीन आणि कपाळाला कायम आठी.

"नग किती, साहेब?"

"एक."

त्याने कागद खाली ठेवला. पाच हजारांखाली तो पेन उघडत नाही. मग सवयीने पुन्हा उचलला. "यात काय बसणार? शाफ्ट?"

"काचेचे. बारा."

तो बघत राहिला. पंचवीस बाय पाचची पट्टी, वळणावळणाने वाकवलेली. प्रत्येक वळण म्हणजे एक खाच. चार खाचांची एक पट्टी, अशा दोन पट्ट्यांची एक ओळ, तीन ओळी. दोन खाचांमधलं अंतर ११० मिलिमीटर. भोक कुठेही नाही, स्क्रू कुठेही नाही, कोपऱ्यांवर वेल्डिंग तेवढं. खाली रबर, कारण आकुर्डी स्टेशनात लोकल शिरली की आमच्या घराच्या खिडक्यांना कळतं.

"साहेब, हा तर वी-ब्लॉक आहे," तो हळूच म्हणाला. "पहिल्या वर्षी तुम्ही फाइल करायला दिला होता. तीन वेळा परत केला होतात."

"चार वेळा."

"पण बाटलीला पॉइंट फाइव्हचं टॉलरन्स?"

मी काही बोललो नाही. त्याने स्वतः प्रेसवर उभं राहून पट्ट्या वाकवल्या. मी व्हर्नियर लावला. सगळ्या पॉइंट थ्रीच्या आत होत्या. पैसे त्याने घेतले नाहीत. ड्रॉइंगची एक झेरॉक्स मागून घेतली. ती त्याने देवाच्या फोटोशेजारी लावली आहे असं त्याचा वेल्डर सांगत होता. वेल्डर लोकांचं सगळंच खरं मानू नये.

भरलेला तो डोलारा जिन्याखाली बसला आणि लेक-जावई विमानात बसले. विमानतळावर लेक मला म्हणाली, "बाबा, त्यांना रोज फिरवून बघू नका हं." जणू मला दुसरा उद्योगच नाही.

पुढल्याच महिन्यात तुकोबांची पालखी आली. ती आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते, आणि दरवर्षी आमच्याकडे एक छोटी दिंडी जेवायला येते. यंदा पाऊस होता. घर वारकऱ्यांनी भरून गेलं. जिन्यावर, ओटीवर, सगळीकडे माणसं. एका म्हाताऱ्या बोवांनी पखवाज कोरड्या जागी ठेवायचा म्हणून जिन्याखालचं लुगडं बाजूला केलं. मी जागच्या जागी गोठलो. सौ.च्या हातातला आमटीचा डाव थांबला.

"ह्ये काय, माउली?" बोवांनी आईला विचारलं.

आता द्राक्षासव म्हणायलाही हरकत नव्हती. पण आईने बावीस वाऱ्या काय उगाच केल्या होत्या? "वाईन आहे," ती म्हणाली. "नातीची. सांभाळायला दिलीय."

बोवा वाकले. डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी एका बाटलीवरची चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला, मग बरोबरच्या पोराला बोलावून वाचायला लावली. ती बाटली अकलूजकडची निघाली, माळशिरस तालुक्यातली. तिथे इटलीतल्या भावांनी, आपल्या मोहिते-पाटील भावांनी आणि आणखी एका घरातल्या भावांनी मिळून वाईनचा कारखाना काढला. नावही 'फ्रातेल्ली', इटालियनमध्ये 'भाऊ'. तुकोबांची पालखी जाते अकलूजवरूनच. तिथे गोल रिंगण होतं.

"आरं, ही तर आमच्या तालुक्यातली हाय!" बोवा म्हणाले. त्यांच्या चुलत्याच्या रानाला लागूनच म्हणे त्या द्राक्षांचे वेल होते. "आमाला चालत न्हाई. पर गाववाली हाय." आणि त्यांनी पखवाज दुसरीकडे नेला, लुगडं पुन्हा ओढलं, आणि त्याची खालची कड नीट खोचली. लहान मुलाला पांघरूण घालतात तशी.

रात्री लेकीचा फोन आला, चेहरा दिसणारा. तिकडे अजून ऊन होतं. तिने दिंडी विचारली, आमटी पुरली का विचारलं, पाऊस विचारला. मग म्हणाली, "आजी, माझ्या बाटल्या कशा आहेत गं?"

"झोपल्यात," आई म्हणाली. "हळू बोल."